हॉकी : छावणीतल्या वाकड्या काठीची कुळकथा

मराठीत ‘हॉकी’ म्हणजे खेळही आणि काठीही. मारामारीच्या बातमीत कुणी ‘हॉकी’ उगारली, की वाचणाऱ्याला मैदान आठवत नाही. क्रिकेटला निदान चेंडूफळी हे नाव मिळाले. हॉकीच्या वाट्याला मराठी नाव आलेच नाही. हा खेळ तालमीतून आला नाही, छावणीतून आला.

देवळाली कॅम्प त्या छावण्यांपैकीच एक. मुदत संपलेले गोरे शिपाई मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची वाट पाहत इथे महिनोन्‌महिने पडून असत. उकाडा, ताप आणि रिकामपण यांनी डोकी फिरत.   

अशा छावण्यांतल्या पलटणींत स्कॉटिश शिपाईही असत. त्यांच्या डोंगराळ मुलखातला जुना खेळ शिंटी. त्यातल्या काठीला ‘कॅमन’ म्हणतात. तिच्या डोक्याचा छेद त्रिकोणी असतो, त्यामुळे चेंडू दोन्ही बाजूंनी मारता येतो. काठी डोक्यावरून फिरवायलाही मुभा असते. एका संघात 12 गडी. या खेळाची संघटना 1893 मध्ये किंग्युसी गावी स्थापन झाली. हॉकी शिंटीची मुलगी नव्हे, चुलत बहीण. इंग्लंडमध्ये 1886 मध्ये तिची संघटना झाली आणि तिथे काठीची एकच सपाट बाजू वैध राहिली. शिंटी भारतात रुजली नाही, हॉकी रुजली. कोलकात्यात 1895 मध्ये बेटन चषक सुरू झाला, पुढच्या वर्षी मुंबईत आगाखान स्पर्धा.

काठी मात्र इथे बदलली. इंग्लंडमधल्या काठीचा पाय, म्हणजे खालचे वाकडे टोक, लांबट असे. सियालकोटच्या कारागिरांनी तुतीचे लाकूड वाकवून तो आखूड, घट्ट वळणाचा केला. आखूड पायामुळे काठी चेंडूच्या या बाजूला, त्या बाजूला झटकन फिरते. चेंडू खेळवण्याच्या भारतीय शैलीचे मर्म तेच. 1922 मध्ये शिपाई म्हणून भरती झालेले, याच शैलीचे खेळाडू ध्यानचंद 1926 च्या न्यूझीलंड दौऱ्यात लष्कराच्या संघातून खेळले. त्या संघाने 21 पैकी 18 सामने जिंकले. फाळणीनंतर सियालकोट पाकिस्तानात गेले आणि हा धंदा जालंधर-मेरठकडे वळला.

महाराष्ट्रात छावणीची ही परंपरा सर्वांत ठसठशीत दिसते ती खडकीत. हॉकीपटू धनराज पिल्ले यांचे बालपण तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत गेले; वडील मैदानाची देखभाल करत. मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन मातीवर शिकलेला हा मुलगा पुढे 4 ऑलिंपिक खेळला. पण तोवर मैदानच पालटू लागले होते. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम गवत आले, पुढे काठ्या फायबरच्या झाल्या आणि तुतीची हॉकी मागे पडली.