महानगरपालिकांचे नवे वर्ष : अर्थसंकल्प, करसवलत, पावसाळापूर्व कामे आणि नागरिकांचा सहभाग

फेब्रुवारीच्या प्रारंभापासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंतचा काळ देशातील शहरांच्या कारभारात विशेष महत्त्वाचा असतो. याच काळात महानगरपालिकांचे अर्थसंकल्प सादर होतात, करांचे दर ठरतात, काही शहरांत महापौरांची निवड होते आणि नालेसफाईपासून पाणीकपातीपर्यंतचे निर्णय घेतले जातात. वर्षभर शहरवासीयांच्या दारात येणाऱ्या पाण्याचा, रस्त्याचा आणि कचऱ्याच्या गाडीचा प्रश्न बहुतांशी या चार महिन्यांतच निकाली निघत असतो.

घटनात्मक आधार

शहरी स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा देणारी ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अंमलात आली. या दुरुस्तीने राज्यघटनेत ‘नऊ-अ’ हा भाग आणि बारावी अनुसूची समाविष्ट करण्यात आली. नगररचना, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, रस्ते, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा अशा १८ विषयांचा या अनुसूचीत समावेश आहे. मात्र हे विषय प्रत्यक्षात महानगरपालिकांकडे सोपवण्याचा अधिकार राज्य विधिमंडळांकडे असल्याने प्रत्येक राज्यातील चित्र वेगवेगळे आहे. नागरी संस्थेचा कार्यकाल पाच वर्षांचा असून महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव ठेवणे बंधनकारक आहे. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या स्थापन करण्याची तरतूदही याच भागात आहे.

अर्थसंकल्पाचे वेळापत्रक

भारतात १८६७ पासून १ एप्रिल ते ३१ मार्च हे आर्थिक वर्ष रूढ आहे. त्यामुळे नव्या वर्षाचा अर्थसंकल्प मार्चअखेरपूर्वी संमत होणे आवश्यक ठरते. मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका कायद्यानुसार आयुक्तांनी ५ फेब्रुवारीपर्यंत अर्थसंकल्पीय अंदाज सादर करावयाचे असतात. दिल्लीत कायद्यानुसार करांचे दर १५ फेब्रुवारीपर्यंत, तर अर्थसंकल्प ३१ मार्चपर्यंत संमत करावा लागतो.

प्रक्रिया सर्वसाधारणपणे अशी असते. आयुक्त अंदाज तयार करून स्थायी समितीपुढे मांडतात. स्थायी समिती त्यात फेरबदल सुचवते आणि त्यानंतर सर्वसाधारण सभेत चर्चा होऊन अंतिम मंजुरी दिली जाते. अर्थसंकल्पाचे महसुली आणि भांडवली असे दोन भाग असतात. वेतन, निवृत्तिवेतन, देखभाल हा महसुली खर्च होय. तर नवे पूल, रुग्णालये, जलवाहिन्या, मलप्रक्रिया केंद्रे यांवरील खर्च भांडवली स्वरूपाचा असतो. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम भांडवली कामांसाठी राखून ठेवण्यात आली होती.

उत्पन्नाची बाजू मात्र गेल्या काही वर्षांत बदलली आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर मुंबईतील जकात रद्द झाली. तोपर्यंत उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत असलेल्या या कराची जागा राज्य शासनाकडून मिळणाऱ्या भरपाईने घेतली. काही महानगरपालिकांनी कर्जरोख्यांचा मार्ग स्वीकारला. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे विक्रीस काढले, तर इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोख्यांद्वारे सर्वसामान्य गुंतवणूकदारांकडून निधी उभारला.

मालमत्ता कर आणि सवलती

एप्रिल महिना सुरू होताच मालमत्ता कराची नवी देयके निघू लागतात. मुदतीपूर्वी कर भरणाऱ्यांना सवलत देण्याची प्रथा अनेक शहरांत आहे. हैदराबाद आणि बंगळुरू येथे एप्रिलअखेर संपूर्ण कर भरणाऱ्यांना ५ टक्के सवलत देण्याचा प्रघात आहे. पुण्यात पहिल्या महिन्यांत कर भरल्यास सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट मिळते. दिल्लीत एकरकमी भरण्यावरील सवलतीसाठी सामान्यतः ३० जून ही मुदत असते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ करण्यात आला आहे. सवलतीचे प्रमाण आणि मुदती वेळोवेळी बदलत असल्याने देयकावरील तपशील पडताळून पाहणे हिताचे ठरते.

पाणी, उन्हाळा आणि पावसाळ्याची पूर्वतयारी

चैत्र-वैशाखात जलाशयांतील साठा घटू लागतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. तथापि पाऊस लांबल्यास कपात अटळ ठरते. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू करण्यात आली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये तीव्र टंचाईमुळे बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने वाहने धुणे, बागकाम यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून ५ हजार रुपये दंडाची तरतूद केली. होळीच्या कार्यक्रमांत पाण्याचा अपव्यय टाळण्याचे आवाहनही त्या वेळी करण्यात आले.

उष्णतेच्या लाटेला तोंड देण्यासाठी अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये कृती आराखडा तयार केला. मे २०१० मधील लाटेत त्या शहरात नेहमीच्या प्रमाणापेक्षा १ हजार ३०० हून अधिक मृत्यू झाले होते. पूर्वसूचना, पाणपोया, रुग्णालयांची सज्जता आणि उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी विशेष खबरदारी ही या आराखड्याची प्रमुख अंगे आहेत. त्यानंतर देशातील अनेक शहरांनी असे आराखडे स्वीकारले.

पावसाळापूर्व कामांमध्ये नालेसफाई, वृक्षछाटणी आणि धोकादायक इमारतींची पाहणी यांचा समावेश होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळल्यानंतर मुंबईत मिठी नदी आणि नाल्यांतील गाळ काढण्याच्या कामाकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. हे काम ३१ मेपर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट दरवर्षी ठेवण्यात येते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे मुंबईत कायद्याने बंधनकारक असून ही जबाबदारी मालक अथवा गृहनिर्माण संस्थेवर असते.

लोकप्रतिनिधींविना अर्थसंकल्प

कार्यकाल संपण्यापूर्वी निवडणूक घेणे राज्यघटनेच्या कलम २४३-यू नुसार आवश्यक आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक मोठ्या शहरांना वर्षानुवर्षे प्रशासकांच्या अधिपत्याखाली राहावे लागले. बंगळुरूतील लोकनियुक्त सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये तेथे एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका स्थापन झाल्या. मुंबईच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. २०२३ ते २०२५ या प्रत्येक वर्षी मुंबईचा अर्थसंकल्प प्रशासक असलेल्या आयुक्तांनी मांडला आणि मंजूरही प्रशासक म्हणून त्यांनीच केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले.

ही बाब केवळ तांत्रिक नाही. स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा अस्तित्वात नसताना अर्थसंकल्पावर जाहीर प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. गल्लीतील गटार तुंबल्यास ज्याच्या दारी जावे असा नगरसेवकही नसतो. दिल्लीत तीन महानगरपालिकांचे २२ मे २०२२ रोजी एकत्रीकरण झाल्यानंतर ४ डिसेंबर २०२२ रोजी २५० प्रभागांसाठी मतदान झाले. तेथे महापौरपदाची मुदत एक वर्षाची असून पाच वर्षांपैकी पहिले वर्ष महिलेसाठी आणि तिसरे वर्ष अनुसूचित जातीच्या सदस्यासाठी राखीव असते.

नागरिकांनी काय करावे

पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अर्थसंकल्पात नागरिकांच्या सूचना स्वीकारण्यास सुरुवात केली. पदपथ, बसथांबे, दिवाबत्ती अशी परिसरातील छोटी कामे याद्वारे सुचवता येतात. मात्र या सूचना अर्थसंकल्प मांडण्याच्या कित्येक महिने आधी द्याव्या लागतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. केरळमध्ये १९९६ मध्ये सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेने प्रभागसभांना विकासकामांच्या निवडीत स्थान दिले.

अर्थसंकल्प संमत झाल्यानंतरही नागरिकांचे काम संपत नाही. आपल्या प्रभागासाठी किती तरतूद झाली, मागील वर्षीची किती रक्कम खर्ची पडली आणि किती परत गेली, ही माहिती अर्थसंकल्पीय पुस्तिकेतून किंवा माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये अर्ज करून मिळवता येते. कायद्यानुसार सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. एप्रिलमध्ये केलेल्या अर्जाचे उत्तर मे महिन्यात हाती येते. म्हणजेच नाल्यातील गाळ निघाला की नाही, हे पहिल्या पावसापूर्वीच विचारता येते.