फुटलेलं केसिंग म्हणजे भंगार नव्हे

जुन्या चेनसॉचं केसिंग फुटलं की जबलपूरच्या बाजारात बहुधा एकच उत्तर मिळतं: ओतीव धातू आहे, वेल्डिंग धरणार नाही, भंगारात घाला आणि नवी घ्या. हे मत इतकं रुळलं आहे की त्याला कुणी पुरावाच मागत नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. चांगल्या प्रतीच्या अनेक चेनसॉचं क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. त्यात साधारण ९ टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं जस्त असतं. वजन कमी राहावं म्हणून ही निवड. पण मॅग्नेशियम पेटतं. ते ६५० अंशांना वितळतं, तर त्यावरचा ऑक्साइडचा थर २८०० अंशांच्या आसपास. ओतकामाच्या छिद्रांत वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं. शिवाय उष्णतेने बेअरिंगची घरं वाकडी होऊ शकतात. आक्षेप सगळे खरे आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चूक आहे.

साध्या आर्क वेल्डिंगने कुणीतरी प्रयत्न केला, धातू ओघळला, भोक मोठं झालं, आणि ‘मॅग्नेशियमला वेल्डिंग होत नाही’ असा सिद्धांत जन्मला. फसली ती पद्धत, दोष लागला धातूला. बाजारात ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतात, ते एसी करंटवर केलं तर करंटच्या एका अर्ध्या फेऱ्यात ऑक्साइड फुटतो आणि दुसऱ्यात धातू वितळतो. आर्गनमुळे हवा जवळ येत नाही. भरण्याची तार मात्र मॅग्नेशियमचीच हवी. ॲल्युमिनियमची तार चालत नाही. पेटण्याचा धोका आहे तो कानशीच्या भुकटीला आणि कातणीला. त्या लगेच झाडून दूर ठेवाव्यात, आणि आग लागलीच तर चुकूनही पाणी मारू नये. भक्कम तुकडा उष्णता झटकन पसरवतो, म्हणून तो सहज पेट घेत नाही. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाचं क्रँककेस मॅग्नेशियमचंच होतं, आणि त्याचे तडे वेल्डरांनी सांधलेले आहेत.

आता प्रत्यक्ष काम पाहू. सटकलेली चेन क्लचजवळच्या भिंतीवर आदळते आणि तिथलं केसिंग कुरतडलं जातं. ही नेहमीची इजा. आधी कानशीने थोडं घासून व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर मॅग्नेशियम, नाहीतर ॲल्युमिनियम. मग भाग धुवायचा, हलका तापवायचा, वर आलेलं तेल पुसून पुन्हा धुवायचा. एका खेपेत तो स्वच्छ होत नाही, आणि इथे घाई केली की वेल्डमध्ये फुगे येतात. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. कडा इंग्रजी व्हीसारख्या उघडायच्या. दोन्ही अर्धी केसिंगं बोल्टांनी घट्ट आवळून मगच थोडं थोडं वेल्डिंग करायचं. वाकडेपणाच्या आक्षेपाला हेच उत्तर आहे. थंड झाल्यावर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून जोडाची बाजू घासायची. शेवटी हवा भरून साबणाचं पाणी लावायचं. टू-स्ट्रोक इंजिनाचं क्रँककेस हवाबंदच हवं. बारीक चिरेतून हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जॅम होतो. म्हणूनच क्रँककेसच्या तड्यावर नुसतं एम-सील थापणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. ते बाहेरच्या झाकणापुरतं ठीक. आटे गेले असतील तर वेल्डिंगचीही गरज नाही, हेलीकॉइल (तारेचे नवे आटे) बसवता येतं.

चीर बेअरिंगच्या घरातून गेली असेल, किंवा चेन-ब्रेकचा आधारच निखळला असेल, तर मात्र मीही केसिंग टाकून द्या म्हणेन. हातात धरायच्या यंत्राशी जुगार नको. पण तडा कुठे आहे हे न बघता दिलेला निकाल हा निकालच नव्हे.

तज्ज्ञांची ही घाई जुनी आहे. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिथल्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांची इंजिनं खलाशांनी आधीच फोडून ठेवली होती. बिडाचे प्रचंड सिलिंडर तडकले होते. नवे ओतल्याशिवाय गत्यंतर नाही, असं अनेक जाणकार म्हणत होते. अमेरिकन नौदलाने ते विजेच्या वेल्डिंगने आणि ठिगळांनी सांधले. ‘काइझर विल्हेल्म दुसरा’ हे जहाज ‘ॲगॅमेम्नॉन’ या नावाने त्याच इंजिनांवर सैन्य घेऊन युरोपला गेलं.

जबलपुरात तर ही निराशा मुळीच शोभत नाही. १९०४ पासून इथे गन कॅरेज फॅक्टरी आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याचे शक्तिमान ट्रक याच शहरात बनले, १९६९ पासून व्हेईकल फॅक्टरीत. बीड ओतणारी ग्रे आयर्न फाउंड्रीही इथलीच. या कारखान्यांतून निवृत्त झालेले, धातूची नस ओळखणारे लोक गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांत मराठी घरंही आहेत. त्यांना विचारायला कुणी जात नाही, हे मला खरोखर सलतं.

तेव्हा केसिंग फुटलं तर आधी ते सोडवून तडा नेमका कुठून कुठे गेला ते पाहा आणि आर्गनवाल्याकडे न्या. एसी मशीन आहे का, मॅग्नेशियमची तार आहे का आणि भाग आधी तापवणार का, हे त्याला विचारा. तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तर काम द्या. एकही ‘नाही’ आलं तर दुसरा कारागीर शोधा, भंगारवाला नव्हे.