जर्मन पंडित आणि पुण्याचे न्यायमूर्ती

दिवाळीला घरोघरी नवे कापड येते. ते कोठे विणले, असा प्रश्न आज सहसा कोणी विचारीत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र या प्रश्नाने पुण्यातील जाणती माणसे अस्वस्थ होती.

सन १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात महादेव गोविंद रानडे यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. पुढल्याच वर्षी ते मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. या व्याख्यानात त्यांनी फ्रेडरिक लिस्ट या जर्मन पंडिताचा आधार घेतला.

त्याला कारणही तसेच होते. व्यापार मोकळा असावा, सरकारने मध्ये पडू नये, ही इंग्रज उदारमतवाद्यांची शिकवण. तिला अनुसरून १८८२ साली विलायती कापडावरील जकात उठली आणि लँकेशायरचे फावले. लिस्टने १८४१ च्या आपल्या ग्रंथात याला उत्तर दिले होते: कोवळ्या रोपाला कुंपण लागते, तसे नव्या धंद्याला संरक्षण लागते. रानड्यांना हे पटले.

हा लिस्ट पक्का उदारमतवादी. वुर्टेम्बर्ग संस्थानात लोकांच्या हक्कांसाठी भांडला, तुरुंगात गेला आणि अखेर देश सोडून अमेरिकेस गेला. पण त्याच ग्रंथात त्याने जर्मनीसाठी आरमार आणि वसाहतीही मागितल्या. उष्ण देशांनी कच्चा माल पिकवावा, थंड हवेच्या देशांनी कारखाने चालवावेत, अशी जगाची वाटणीही त्याने मांडली. म्हणजे कुंपण जर्मनीला, आणि आपण मात्र कापूस पिकवीत बसायचे!

लिस्ट एकटाच असा होता असे नाही. १८४८ साली फ्रँकफर्टला जमलेल्या उदारमतवादी पुढाऱ्यांनी राज्यघटना पुरी होण्याआधीच आरमारासाठी पैसा मंजूर केला. विस्कळीत संस्थाने एका निशाणाखाली यावीत, अमेरिकेला जाणारे आपले लोक आपलेच राहावेत, व्यापाराला बाजार मिळावा, अशी त्यांची स्वप्ने. १८८४ मध्ये बिस्मार्कने आफ्रिकेत वसाहती घेतल्या, तेव्हा राष्ट्रीय उदारमतवादी पक्षातील अनेकांना आनंदच झाला. स्वदेशात मागितलेले हक्क आफ्रिकेतील माणसालाही लागू होतात, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

रानड्यांनी लिस्टचे कुंपण घेतले. उष्ण आणि थंड देशांची ती वाटणी रूढ अर्थशास्त्राचीही होती. त्याच व्याख्यानात तिचा उल्लेख करून त्यांनी ती नाकारली. हिंदुस्थानने कारखानदार व्हावे, हाच त्यांचा आग्रह.

तरी मोह कोणाला सुटला? १८९० साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात रानड्यांनी जावा बेटातील डच सरकारच्या शेतीपद्धतीची वाखाणणी केली. त्यांचा डोळा होता सरकार धंद्याला देत असलेल्या उचलीवर. पण त्या पद्धतीत जावाच्या शेतकऱ्याला ऊस आणि नीळ सक्तीने पिकवावी लागे. देशाच्या भरभराटीचा हिशेब मांडताना परक्या शेतकऱ्याचे कष्ट नजरेआड होतात ते असे; आणि ते रानड्यांसारख्या न्यायी पुरुषाच्या हातूनही होतात.

पुढे १८९६ मध्ये सरकारने इथल्या गिरण्यांच्या कापडावरच साडेतीन टक्के कर बसविला. कुंपण राहिले दूर, रोपावरच कर! तो १९२५ सालापर्यंत टिकला. स्वातंत्र्यानंतर ते कुंपण आपण आपल्या हाताने घातले. ते घालताना त्याच्या पलीकडे कोण उभा आहे, हे पाहण्याची जबाबदारीही तेव्हापासून आपलीच आहे.