जिन्याजवळ कट होणारा फोन

पहिल्या नोकरीत नाइट शिफ्टच्या सपोर्टवाल्याकडे एक कॉर्डलेस हँडसेट असायचा. क्लायंट लाइनवर, त्याचं काम ठप्प, आणि मी सर्व्हर रूमकडे निघालो की जिन्याजवळ कॉल हमखास कट! सगळे हँडसेटला शिव्या घालायचे (मीही). तो बिचारा निर्दोष होता.

त्याआधीची गोष्ट बघा. ब्रिटनमध्ये सीटी-२ तंत्रावरची 'रॅबिट' सेवा १९९२ मध्ये सुरू झाली नि १९९३ मध्ये गाशा गुंडाळून मोकळी! रस्त्यावरून फोन करता यायचा, पण आलेला घेता यायचा नाही. चालता चालता एका बेसवरून दुसऱ्यावर जाणं तर दूरच, आणि ऑफिसांना नेमकं तेच हवं होतं.

१९९२ मध्येच युरोपात डेक्ट हे स्टँडर्ड आलं. १८८० ते १९०० मेगाहर्ट्झमध्ये १० कॅरिअर, प्रत्येकावर १० मिलिसेकंदांच्या फ्रेमचे २४ तुकडे, १२ जायला, १२ यायला. पण खरी गंमत पुढे आहे. जीएसएममध्ये कॉल कुठल्या टॉवरवर टाकायचा हे नेटवर्क ठरवतं. इथे हँडसेट ठरवतो! तो आजूबाजूचे बेस ऐकत राहतो, चांगला सापडला की तिथे आधी नवं कनेक्शन जोडतो, मगच जुनं सोडतो. ईपीएबीएक्सच्या लेखी ते एक साधं एक्स्टेंशन. (आयआयटी मद्रासने ह्याच डेक्टवर 'कॉरडेक्ट' बनवून खेड्यांत तारेविना फोन नेले, पण ते पुन्हा कधीतरी.)

आता जिना. तिथे ऐकायला दुसरा बेसच नव्हता. इन्स्टॉल करणाऱ्याने मजल्याचा नकाशा बघितला, जिन्याच्या काँक्रीटच्या भिंती नाही. पुढे लावला म्हणे एक. मी नोकरी सोडल्यावर.