साईडने झिरो, वरती फुल्ल: आपल्या डोक्यावर हक्क कोणाचा?

आजचा विषय आहे अंडरकट. हो, तोच. बाजूने आणि मागून मशीनने साफ, वर चार-पाच बोटं केस, आणि दोन्हींच्या मध्ये पट्टी धरून ओढल्यासारखी रेघ. शिमग्याच्या आधी चार दिवस जव्हारच्या बाजारपेठेत किंवा मोखाड्याच्या नाक्यावर उभे राहून बघा. वीटभट्टीवरून, भिवंडी-वसईच्या कामावरून गावी परतलेली पोरं सलूनच्या बाकड्यावर ओळीने बसलेली असतात, आणि प्रत्येकाचं सांगणं एकच: "काका, साईडने झिरो मारा, वरती हात नका लावू."

घरी गेल्यावर आजी विचारते, "अर्धं डोकं भादरून कुठं निघालास रं?"

आता गंमत बघा. आजीला हा प्रकार नवा वाटतो, पण तिच्या आजोबांच्या आजोबांना तो ओळखीचा वाटला असता. पेशवाईत पुण्यापासून कोकणापर्यंत ब्राह्मण पुरुषाच्या डोक्यावर काय असायचं? पुढून आणि कडेने वस्तऱ्याने गुळगुळीत, आणि माथ्यावर केसांचं एक गोल राखलेलं, त्यातून शेंडी. त्या गोलाला 'घेरा' म्हणत. २०१५ च्या डिसेंबरात 'बाजीराव मस्तानी' आला, त्यात रणवीर सिंगने त्यासाठी खरोखर डोकं भादरून घेतलं होतं. त्याच सुमारास गावोगावी अंडरकट पसरत होता. आकृतीचा विचार केला तर दोन्ही भाऊ-भाऊच आहेत. कडा साफ, माथ्यावर केस.

मग फरक कशात? मला विचाराल तर फरक एकाच प्रश्नात आहे: हे ठरवलं कोणी? घेरा किती, शेंडी केवढी, कल्ले ठेवायचे की नाही, हे जातीवर, विधीवर आणि घरातल्या मोठ्यांवर ठरायचं. केस डोक्यावर असले तरी मालकी समाजाची होती. हे फक्त आपल्याकडेच नाही. चीनमध्ये मांचू राज्यकर्त्यांनी १६४५ साली हुकूम काढला की पुरुषांनी कपाळ भादरून मागे वेणी ठेवायची, नाहीतर डोकं जाईल. ती वेणी सुटायला १९११ ची क्रांती यावी लागली.

आपल्याकडे या मालकीचा सगळ्यात क्रूर चेहरा म्हणजे विधवांचं केशवपन. नवरा गेला की बाईच्या डोक्यावर वस्तरा, तोही आयुष्यभर, केस वाढले की पुन्हा. आता विचार करा, तो वस्तरा ज्याच्या हातात होता, त्याला काय वाटत असेल? याचं उत्तर इतिहासात आहे. १८९० साली मुंबईत नाभिकांची मोठी सभा झाली आणि विधवांचं मुंडण करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. त्यामागे होते नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. सुधारणेवर लेख लिहिणारे पुष्कळ होते. इथे हातावर पोट असलेल्या माणसांनी आपलीच मजुरी सोडून वस्तरा खाली ठेवला. माझ्या मते हा आपल्या केसांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस.

पण याच व्यवसायाची दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याचं बालपण लिहिलंय. गावात न्हावी होते, घरात पैसेही होते, तरी भावंडांचे केस कापायची ती मोठी बहीण. कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. म्हणजे एका बाईचं डोकं बळजबरीने भादरलं जात होतं, आणि एका मुलाला पैसे देऊनही कटिंग मिळत नव्हती. दोन्हीकडे निर्णय डोकंवाल्याचा नव्हता.

म्हणूनच संविधानातला एक शब्द मला फार मोलाचा वाटतो: 'दुकान'. कलम १५ सांगतं की धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून दुकानात जायला कोणाला अडवता येणार नाही. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये या कलमावर चर्चा चालू असताना प्रश्न निघाला की यात धोब्याचं आणि न्हाव्याचं दुकान येतं का? आंबेडकरांनी स्पष्ट केलं की दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घेतलाय, सेवा देणारी ठिकाणंही त्यात आली. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने सेवा नाकारणं गुन्हा ठरला. आज जव्हारला कुठलाही पोरगा सलूनच्या खुर्चीत बसून "साईडने झिरो" म्हणतो, त्या खुर्चीला हा एवढा इतिहास आहे.

आता आपल्या डोंगरात येऊ. बलुतेदारी हे सपाटीच्या गावगाड्याचं यंत्र. न्हावी वर्षभर गावाची हजामत करणार, सुगीला धान्य घेणार. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर हे यंत्र तसं रुजलं नाही. माझ्या आजोबांच्या सांगण्यात कटिंग म्हणजे अंगणात उकिडवं बसणं आणि शेजारच्या काकाच्या हातात कात्री. आरसा नाही, तक्रार नाही. पण डोक्याचा मान मात्र पुरेपूर. जव्हारजवळच्या शिरपामाळचं नावच बघा. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि त्यांनी जव्हारच्या राजे विक्रमशहा मुकण्यांना मानाचा शिरपेच दिला, म्हणून शिरपामाळ, असं परंपरा सांगते. त्या काळी मान पागोट्याला होता, केस त्याच्या आत झाकलेले. पागोटं गेलं, टोपी आली, टोपीही गेली. मग दाखवायला उरले ते केस.

आणि अंडरकट आला कुठून? युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत तो सर्रास होता. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत उवांनी सैनिक हैराण, म्हणून मागून-बाजूने बारीक केस ही सोय होती. अमेरिकेत लिओ वालने १९१९ मध्ये विजेच्या मशीनच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि हे काम आणखी सोपं झालं. मधे लांब केसांचा जमाना आला. आपल्याकडे बच्चन कट झाला, २००३ ला 'तेरे नाम'चा मधला भांग झाला. मग २०१३ ला बीबीसीची 'पीकी ब्लाइंडर्स' आली, २०१४ ला ब्रॅड पिटचा 'फ्युरी', सोबत फुटबॉलवाले आणि क्रिकेटवाले, आणि मोबाईलवरून तो कट मोखाड्याला पोचला. इथे चार्जिंगच्या ट्रिमरला श्रेय द्यायलाच हवं. लाईट गेली तरी अर्धं डोकं तसंच राहत नाही.

आता थोडं कामाचं, कारण आपल्याकडे बऱ्याच पोरांचे केस जाड आणि सरळ असतात. असे केस कानाच्या वर आडवे वाढतात, साळिंदरासारखे. बाजू काढून टाकल्या की तो प्रश्नच मिटतो, म्हणून हा कट अशा केसांना शोभतो. पहिल्यांदा करत असाल तर थेट झिरो नको. मशीनच्या कंगव्याचा नंबर सांगा: १ म्हणजे साधारण ३ मिलीमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०. तीनने सुरू करा, आरशात बघा, मग खाली उतरा. रेघ डोक्याचा गोलावा जिथे सुरू होतो तिथेच थांबवा, फार वर नेली की डोक्यावर झाकण ठेवल्यासारखं दिसतं. मागे भोवरा असेल तर तिथले केस जरा लांब राहू द्या. वरचे केस मागे बसवायचे तर निदान आठ-दहा सेंटिमीटर हवेत, त्याहून आखूड जाड केस उभेच राहणार. विरळ करायची दातेरी कात्री बेतानेच, कारण आखूड तुकडे आतून बाकीच्यांना वर ढकलतात. तेल लावून जाऊ नका. वस्तऱ्यात नवं ब्लेड आपल्या समोर लावून घ्या, त्यात लाजू नका.

घरी आल्यावर केस थोडे ओलसर असतानाच मागे वळवत वाळवा, आणि हरभऱ्याएवढं वॅक्स तळहातावर चोळून मुळापासून लावा. जव्हारच्या पावसात जेल टिकत नाही, वॅक्स टिकतं. बाजू दर तीन आठवड्यांनी मारायला लागतात. म्हणून दिवाळीनंतर कामाला बाहेर जाणाऱ्यांनी रेघेचा कट न घेता खालून वर मिसळत जाणारा घ्यावा. भट्टीवर महिनाभर सलून दिसलं नाही तरी तो नीट वाढतो.

आता शेवटचा मुद्दा. अजूनही काही शाळांत मास्तर असा कट बघून पोराला घरी पाठवतात. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा स्वतःहून तो उतरवतो. या दोन गोष्टी मी एका तराजूत टाकणार नाही. भरतीवाल्याने स्वतः निवड केलेली असते, वर्दीसोबत तिचा कट त्याने पत्करलेला असतो. पण वर्गातून बाहेर काढलेल्या पोराला एक दिवसाचं शिकणं गमवावं लागतं, आणि आमच्या भागात शाळेतला एकेक दिवस महाग आहे. त्याचे केस आखूड-लांब झाल्याने गणित बिघडत नाही. शिस्त हवीच, पण डोक्याच्या आत काय चाललंय याची आधी चौकशी व्हावी.

लोक म्हणतात, सगळी पोरं एकसारखीच दिसायला लागलीत, यात स्वातंत्र्य कसलं? खरंय, फॅशन हाही एक हुकूमच असतो. फक्त तो मोडला म्हणून कोणी वाळीत टाकत नाही, आणि महिन्याभरात केस परत येतात. ज्या मुलुखात एकेकाळी वस्तरा कोणावर चालायचा आणि कोणावर नाही हे दुसरेच ठरवत होते, तिथे तीन आठवडे टिकणारा निर्णय पोराचा पोराने घेतला, तर घेऊ द्या. आजीलाही सांगा, चिडू नको, हा आपलाच जुना घेरा आहे, फक्त शेंडी गळलीय.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या वेळी सलूनमध्ये नंबर यायला वेळ लागला, तर बाकड्यावरच्या लोकांना १८९० ची गोष्ट सांगा. आणि कात्री चालवणाऱ्या काकांना आधी सांगा, कारण ती गोष्ट त्यांच्या पूर्वजांची आहे. भेटू पुढच्या भागात.