भाव पडला की पाडला?

पहिल्या नोकरीत एका छोट्या यंत्राच्या प्रोग्रॅमनं मला तीन दिवस रडवलं होतं. बटण दाबलं की एका व्हेरिएबलची किंमत शून्याची एक व्हायची आणि प्रोग्रॅम पुढे सरकायचा. पण कंपायलरचं ऑप्टिमायझेशन सुरू केलं की बटण कितीही दाबा, ढिम्म! शेवटी एका सीनियरनं त्या व्हेरिएबलच्या आधी एकच शब्द टाइप केला : व्होलाटाइल. प्रोग्रॅम चालू लागला.

झालं होतं असं, की माझ्या लूपमध्ये ही किंमत बदलणारी ओळच कंपायलरला दिसली नाही. म्हणून त्यानं ती एकदा वाचली आणि तोच आकडा जवळ ठेवला. बदल येत होता लूपच्या बाहेरून. 'व्होलाटाइल' लिहिलं की कंपायलरला ताकीद मिळते : जुन्या आकड्यावर विसंबू नकोस, दर वेळी नव्यानं वाच.

शब्द तसा जुना. लॅटिनमध्ये 'व्होलारे' म्हणजे उडणे. मध्ययुगीन इंग्रजीत व्होलाटाइल म्हणजे चक्क पक्षी. पुढे तो भुर्रकन उडून जाणाऱ्या द्रव्यांना लागला, मग माणसांच्या स्वभावाला चिकटला आणि नंतर बाजारभावांना. सी भाषेवरच्या १९७८च्या मूळ पुस्तकात तो नाही. १९८९च्या प्रमाणित सीमध्ये आला. मराठीत आपण त्याला चंचल, अस्थिर, लहरी म्हणतो. या सगळ्या शब्दांत दोष त्या वस्तूचाच. सी मात्र व्हेरिएबलच्या स्वभावाबद्दल काहीच बोलत नाही. ती एवढंच सांगते, की हिला बदलणारा हात इथून दिसत नाही.

हा फरक मला जरा जास्तच लागला, कारण मी नंदुरबारकडचा, मिरची लावणाऱ्या घरातला. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचे लिलाव सुरू झाले, की शहराबाहेरच्या पथाऱ्या वाळत घातलेल्या मिरचीनं लाल होतात. बाबा मिरची विकून घरी आले की आई विचारायची, "भाव काय निंघना?" बहुतेक वेळा उत्तर एका शब्दाचं : "पडना." जणू भाव रस्त्यानं चालता चालता स्वतःच ठेच लागून पडला.

आमच्या भागात हे फार जुनं आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईत कापसाचे भाव कडाडले. खानदेश हा कापसाचा मुलूख, आणि नंदुरबार तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. शेतात कापूस वाढला, हातात पैसा आला. १८६५च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आलं आणि भाव कोसळले. मुंबईतला शेअरबाजाराचा फुगाही त्यातच फुटला. सट्टेवाल्यांच्या दिवाळखोरीच्या कथा इतिहासात सापडतात. खानदेशातला शेतकरी मात्र गेल्या वर्षीचा भाव मनात धरून पेरणी करून बसला होता. त्यानं जवळ ठेवलेला आकडा शिळा झाला होता, आणि तो बदलणारा हात होता सातासमुद्रापार.

आता सातपुडा ओलांडून नर्मदेच्या काठावर या. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. १९९०च्या दशकात पाणी मणिबेलीत शिरलं, तेव्हा ती बातमी पुरासारखी वाचता येत होती : पाऊस, नदी, चढतं पाणी. पण जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर असेल, हे लवादानं १९७९मध्येच ठरवून टाकलं होतं. नदी लहरी नव्हती. आकडा कागदावर पक्का होता. तो ज्यांच्या घरादारावरून जाणार होता, त्यांनी तो ठरवला नव्हता.

मराठी व्याकरणात या गोष्टीला नेमकी जागा आहे. भाव पडला, गाव बुडालं : इथे कर्ता भाव आणि गावच, आपत्ती आपली आपण घडते. भाव पाडला, गाव बुडवलं : एवढासा फेरफार केला की लगेच प्रश्न येतो, कोणी? दर वेळी उत्तर एखादा खलनायकच असतो असं नाही. भाव पाडणाऱ्यांत कधी निर्यातीचं धोरण असतं, कधी दूरच्या राज्यातलं भरघोस पीक, कधी पथारीवर अवकाळी पाऊस, आणि कधी आपणच : गेल्या वर्षीचा भाव बघून सगळ्यांनीच मिरची लावलेली असते. पण 'बाजार लहरी आहे' म्हटलं की हा शोधच थांबतो.

सीमध्ये दोन शब्द एकत्रही लिहिता येतात : 'कॉन्स्ट व्होलाटाइल'. कॉन्स्ट म्हणजे तू ही किंमत बदलू शकत नाहीस. व्होलाटाइल म्हणजे ती बदलत राहील. कॉलेजात हे मला परस्परविरोधी वाटलं होतं. यंत्रातल्या एखाद्या सेन्सरचा आकडा असा असतो : प्रोग्रॅमनं तो फक्त वाचायचा.

परवा बाबांचा फोन आला. "गेल्या साली मिरचीनं चांगले पैसे दिले. यंदा एक एकर वाढवू का?" ते भाव रोज मोबाइलवर बघतात. बघतात, बदलू शकत नाहीत.

मी म्हटलं, "बाबा, गेल्या सालचा भाव सोडा. आजूबाजूला कोण किती लावतंय, ते आधी बघा."

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "समदेच लावताहेत."