चुकीच्या लेबलची बाटली आणि नंतरची ५३ वर्षं

परवा लॅबमधल्या एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, इतके जुने पेपर कशाला वाचायचे? पद्धती तर सगळ्या बदलल्यात." तिला सांगितलेली गोष्ट इथे लिहितोय.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये ख्रिस पोल्ज कोंबड्याचं वीर्य गोठवायचा प्रयत्न करत होते. फ्रुक्टोजच्या द्रावणात शुक्राणू मरायचे. काही महिन्यांनी कोल्ड स्टोअरमधली जुनी बाटली काढली आणि शुक्राणू चक्क जगले! ताजं द्रावण केलं, पुन्हा मेले. मग बाटलीत उरलेले थोडे थेंब तपासायला दिले. त्यात साखर नव्हतीच. ग्लिसरॉल आणि प्रथिन होतं. लेबल चुकलं होतं. सगळे याला नशीब म्हणतात. मला विचाराल तर, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतलं नाही हे खरं काम. पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांचा पेपर १९४९ मध्ये 'नेचर'मध्ये आला. १९५३ मध्ये आयोवात बंज आणि शर्मन यांनी गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा होते हे दाखवलं.

तंत्र आलं, पण कॅन्सर झालेली तरुण मुलं तेव्हा जगतच कुठे होती? १९६० च्या दशकात अमेरिकेत 'मॉप' नावाची चार औषधांची केमो आली आणि वाढलेल्या हॉजकिन्स लिम्फोमाचे रुग्णही बरे होऊ लागले. त्यातल्याच काही औषधांनी अनेकांची मूल होण्याची शक्यता मात्र संपवली.

बायकांच्या बाबतीत गाडी फारच अडली. बीजांड ही मोठी, पाण्याने भरलेली पेशी, त्यामुळे आत बर्फाचे स्फटिक लगेच होतात. गोठवलेल्या बीजांडापासून पहिली यशस्वी गर्भधारणा ऑस्ट्रेलियातून १९८६ मध्ये नोंदली गेली. त्यातही बीजांडं तयार करायला साधारण दोन आठवडे इंजेक्शनं लागतात. ल्युकेमियात तेवढा वेळ नसतो. म्हणून अंडाशयाचा तुकडाच गोठवायची कल्पना. १९९४ मध्ये एडिंबरात रॉजर गॉस्डेन यांच्या गटाने ती मेंढीवर करून दाखवली. मेंढीच का? तिचं अंडाशय माणसासारखंच घट्ट, तंतुमय असतं. ब्रसेल्समध्ये हॉजकिन्स झालेल्या एका तरुणीचे तुकडे १९९७ मध्ये गोठवले, २००३ मध्ये परत बसवले आणि २००४ मध्ये तिला मुलगी झाली. माझी पीएचडी याच धाग्यावर चाललीय.

पण उपचाराआधी रुग्णाशी याबद्दल बोला, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलं ते २००६ मध्ये. १९५३ पासून मोजा.

आणि सूचना लिहिली म्हणून ती पोचते असंही नाही. हॉस्टेलमधल्या माझ्या एका मित्राची बाविसाव्या वर्षी केमो झाली. कुणी काही विचारलं नाही. आई शेजारी बसलेली, त्यालाही विचारायला लाज वाटली. दोन वर्षांनी चहाच्या टपरीवर मी माझा विषय समजावत होतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की वीर्य साठवता येतं. तोवर त्याचा रिपोर्ट शून्य आला होता. थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, "ॲडमिट दुपारी झालो होतो रे. सकाळ सगळी मोकळीच होती."